डायरेक्ट ड्राइव्ह आणि मोहनचे वडील

मोहन गेल्याचं मला फोनवरच्या ग्रुपमुळे कळलं. जुन्या तबकड्या ऐकणारे आम्ही वीसेक जण त्या ग्रुपवर आहोत. सकाळी कुणीतरी लिहिलं, ‘आपले बोर्ली पंचतनचे मोहन जाधव काल हार्ट ॲटॅकने गेले.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ती रांग संपायच्या आत एकाने विचारलं, ‘त्यांच्या रेकॉर्डचं घरचे काय करणार, कुणाला कल्पना?’ त्याखाली साहेबांचं उत्तर आलं, ‘रेकॉर्ड बघण्यासारख्या आहेत. प्लेअर मात्र भंगारात.’ आणि पुढे हसरा चेहरा. माणसाला अजून पोचवलं नव्हतं, आणि यांची वाटणी सुरू झाली होती. मला शिसारी आली. आज महिना उलटून गेला तरी ती गेलेली नाही, आणि ती नुसती त्यांची नाही, माझी मलाही आहे; हे लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

मोहन आणि मी एका खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात तीस वर्षं बरोबर काढली. दाब, तापमान, वेग मोजणारी यंत्रं बरोबर दाखवतायत का, हे बघणं आमचं काम. साहेब म्हणजे आमचे तेव्हाचे मॅनेजर. रिटायर होऊन आता अलिबागजवळ बंगला बांधून राहिलेत. आमच्या विभागात एक रीत होती. एकाने रीडिंग घ्यायचं, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच ते वहीत चढवायचं. बाकीचे सर्रास एकमेकांच्या सह्या ठोकून मोकळे व्हायचे. मोहन मात्र मला जेवणाच्या डब्यावरून उठवून न्यायचा. “तू बघितल्याबिगर मी लिवनार न्हाय,” म्हणायचा. मी शिव्या घालत जायचो. काटा त्याने सांगितला असेल तिथेच असायचा, तरी त्याला दुसरा माणूस लागायचाच.

त्याचे वडील मुंबईला गोदीत कामाला होते आणि एका गायन पार्टीत गायचे. त्या पार्टीची भीमगीतांची एक छोटी तबकडी निघाली होती. तिच्यातल्या एका गाण्याचा दुसरा अंतरा वडिलांनी एकट्याने म्हटलाय. मोहन पाच वर्षांचा असताना ते गेले. चेहरा फोटोत होता, आवाज काही त्याच्या आठवणीत नव्हता. रिटायर झाल्यावर कुठल्याशा नातेवाइकाच्या माळ्यावर ती तबकडी सापडली, आणि हा गडी साठीच्या घरात रेकॉर्ड प्लेअरच्या नादी लागला. त्याचं मागणं एकच होतं. तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांनीच फिरली पाहिजे. फेरा कमी पडला की आवाज जाडा होतो, वाढला की चिरका. “बाप ऐकायचा तर खराच ऐकू दे,” असं तो म्हणाला होता.

त्याने चार महिने माहिती काढली आणि डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायचं ठरवलं. यात मोटरच थेट तबकडीखालची थाळी फिरवते. मध्ये रबरी पट्टा नाही. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत रबर टिकत नाही, हे त्याचं साधं म्हणणं. शिवाय थाळीच्या कडेला ठिपके असतात; वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात ते जागच्या जागी उभे दिसतात. म्हणजे मोजायचं साधन यंत्रातच. आम्हा लोकांना आणखी काय पाहिजे...

साहेबांच्या बंगल्यावर ग्रुपची बैठक होती. तिथे मोहनने हे सगळं कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, “जाधव, कानवाले लोक बेल्टच घेतात. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे डीजेवाल्यांचं मशीन. तुमच्या जयंतीच्या मिरवणुकीत मात्र छान चालेल हो.” सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने नाही, पण मोहनला दिसेल इतपत हसलो. मोटर म्हणजे काय, फेरे म्हणजे काय, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच नीट माहीत होतं. नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती, आणि साहेब बोलले म्हणून माझी मान आपोआप हलली. परत येताना वर त्याला उपदेशही केला, की एवढी जाणकार माणसं सांगतायत तर ऐक. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बेल्टचा प्लेअर घेतला.

पुढे काय व्हायचं ते झालं. दुसऱ्या पावसाळ्यात पट्टा सैल पडला. वडिलांचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. नवा पट्टा मागवला, तो चिकट झाला. मोहनने ती तबकडी लावणंच बंद केलं. साहेबांना मी हे कळवलं, तर म्हणाले, “दमट घरात असली हौस करूच नये.” त्यावरही मी ‘हो साहेब’च म्हणालो. आता आठवलं की स्वतःच्या तोंडाचीच किळस येते.

अखेर मोहनने कुणाला न विचारता डायरेक्ट ड्राइव्ह आणला. त्याचा फोन आला, “अरुण, ठिपकं एकदम उभं ऱ्हातात. बापाची रेकॉर्ड अजून लावली न्हाय. तू ये, मग लावू.” मी मुरुडला, तो बोर्लीला. आगरदांड्याहून बोटीने दिघीला उतरलं की पुढे तासाचाही रस्ता नाही. मी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग पावसाचं, मग पाहुण्यांचं. खरं कारण एवढंच, की गेलो असतो तर त्याचं बरोबर आणि माझं चूक, हे त्याच्यासमोर बसून ऐकावं लागलं असतं. तो तसं बोलला नसता, हेही मला माहीत होतं. असे तीन महिने काढले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने त्याच्या घरी गेलो. शालिनीवहिनींनी जयभीम केला, पाणी दिलं. मी विचारलं, त्याने ऐकली का ती रेकॉर्ड? त्या म्हणाल्या, “न्हाय वो भावजी. मी चारदा म्हनलं, लावा की. तर म्हनायचे, अरुण येऊ दे. दुसरा मानूस लागतो.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तबकडी थाळीवर ठेवून प्लेअर सुरू केला. ठिपके थरथरले आणि उभे राहिले. पहिला अंतरा सगळ्यांनी मिळून म्हटलेला. मग दुसरा आला... जाडा नाही, भारदस्तही नाही. बारीक, किंचित नाकातला, ओळीचा शेवट पटकन तोडणारा. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या हळूच खाली बसल्या. म्हणाल्या, “ह्ये तर ह्येंचाच आवाज हाय.”

होता. तीस वर्षं शेजारच्या टेबलावरून ऐकलेला आवाज मी कसा विसरेन? त्याने एकट्याने ऐकला असता तरी त्याला हे समजलं नसतं. आपला आवाज लोकांना कसा ऐकू येतो, ते आपल्याला कधी कळत नाही. मोहन, हा तुझाच आवाज आहे रे, तू बापाचा आवाज घेऊन जन्मभर बोलत होतास, एवढं सांगायला समोर दुसरं कुणीतरी बसलेलं लागतं. त्याने त्यासाठी मला बोलावलं होतं, आणि मी मुरुडला घरी गुडघा चोळत बसलो होतो.