बर्फ बाहेर, साय आत

गल्लीत सगळे त्यांना थंडोपंत म्हणत, कारण ते बर्फ विकायचे. डोकं मात्र कायम तापलेलं. गोणपाटात गुंडाळलेली लादी हातगाडीवर टाकून दारोदार फिरण्यात त्यांची अर्धी हयात गेली. मग घरोघरी फ्रिज आले आणि पंतांच्या बर्फाला कुणी विचारीना.

"गाडी मोडीत काढावी म्हणतो," एकदा जेवताना ते म्हणाले.

"काही नको. आपण आईस्क्रीम विकू," बायको म्हणाली. "साय माझी, बर्फ तुमचा."

झालं, गडी खूश. जुन्या बाजारातून भांडं आलं: लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा डबा, वर फिरवायला दांडा. रविवारी चव बघायला अख्ख्या गल्लीला आवतण दिलं. बायको आटवलेलं दूध आणि साय डब्यात ओतून शेजारी वाट्या मागायला गेली. इकडे पंतांनी विचार केला, आईस्क्रीमच्या नावात आधी आईस, बर्फ, म्हणजे पहिला मान आपलाच. त्यांनी बर्फाचा भुगा केला आणि ओंजळीओंजळीने थेट सायीत घातला.

वाट्यांत आलं ते पांढरं पाणी, दाताखाली कचकच. लोकांनी तोंडदेखलं चाखलं आणि हळूच काढता पाय घेतला. उरली बायकोची थोरली बहीण, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली.

"पंत, हे सरबत का?"

"नावाला जागून केलंय, ताई. बर्फ आणि साय."

"अहो, जुनं नाव आइस्ड क्रीम. बर्फाने गारठवलेली साय. बोलता बोलता लोकांनी 'आइस्ड'चं शेपूट, म्हणजे तो 'ड', गाळलं. बर्फाने बाहेर राबायचं, आत शिरायचं नाही."

पंतांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझा बर्फ कुणाच्या जिभेला लागणारच नाही?"

"लागू नये म्हणून तर डब्याला झाकण आहे," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी पंतांनी टोच्याने लादी फोडली. खडे असे एकसारखे, की मोजून कापलेत वाटावं. डब्याभोवती बर्फ, मीठ, पुन्हा बर्फ, ठासून. दांडा आधी भुर्रकन फिरला, मग जड झाला, मग हलेचना. झाकण काढलं, तर सायीत चमचा ताठ उभा राहिला. वास लागल्यासारखे गल्लीतले एकेक परतले, आणि वाट्या पुन्हा पुढे आल्या.

गाडी मोडीत गेली नाही, तिला निळा रंग लागला. गिऱ्हाईक मुद्दाम विचारी, "पंत, यात तुमचा बर्फ कुठाय?"

"बादलीत राबतोय," पंत ऐटीत सांगत.

"अगदी यांच्यासारखा," बायको वाटी भरत म्हणे. "वरून खारट, पण घर त्याच्याच जिवावर."