घरचा माणूस सोडून

नवनाथ मालगाडीचा ड्रायव्हर. मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचा. मोठा गप्पिष्ट माणूस, जेवताना हात वाळेपर्यंत बोलत बसायचा. एकदा लासलगावच्या अलीकडे एक तरुण त्याच्या इंजिनापुढे आला. नवनाथनं ब्रेक दाबला, पण भरलेली मालगाडी अशी थांबते थोडीच? त्या दिवसापासून त्याचं बोलणं आटलं. पुढे त्याला गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवलं. तिथंही तो हो-नाही एवढ्यापुरताच उरला.

त्याच्या बायकोनं, उज्वलानं, सगळे उपाय करून पाहिले. वणीच्या देवीला जाऊन आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, समुपदेशकाकडे न्या म्हणाले. नवनाथ काही केल्या जाईना. शेवटी चाळिशीला टेकलेल्या उज्वलानं ठरवलं, हे आपणच शिकायचं. बी.ए.ला मानसशास्त्र होतंच. तिनं नाशिकच्या कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं आणि सकाळच्या गाडीनं जाणं-येणं सुरू केलं. वर्गातल्या मुली तिला काकू म्हणायच्या.

आपल्या माणसाचं समुपदेशन आपण करायचं नसतं, हे शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. उज्वलानं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्या एका माणसासाठीच तर ती आली होती.

दुसऱ्या वर्षी तिला एका दवाखान्यात सरावासाठी पाठवलं. तिथं अनोळखी माणसं तिच्यापुढे मोकळी व्हायची. काय विचारायचं, कुठं गप्प राहायचं, हे तिला साधू लागलं. मॅडम म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे.

आणि एका रविवारी दुपारी, ती लसूण सोलत असताना, नवनाथ आपण होऊन बोलला.

"त्याच्या हातात जेवणाचा डबा होता, उज्वला. मरायला निघालेला माणूस डबा कशाला घेईल?" मग म्हणाला, "मी हॉर्न उशिरा तर दिला नाही ना?"

इतकी वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती. पुढं सरकून त्याचा हात धरावा, एवढंच करायचं होतं. पण तिच्या तोंडून दवाखान्यातला तो शांत, सरावाचा आवाज निघाला.

"म्हणजे तुम्हाला अपराधी वाटतंय, असं म्हणायचंय का?"

नवनाथनं तिच्याकडे बघितलं.

"हे तू विचारतेस, की तुझं कॉलेज?"

तो उठून बाहेर गेला. तिनं नंतर किती विनवण्या केल्या, रडली, पण त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. काही महिन्यांनी भुसावळला बदली मागून घेतली आणि एकटाच गेला.

उज्वला एम.ए. झाली, चांगल्या गुणांनी. आता ती नाशिकच्याच एका हॉस्पिटलात समुपदेशक आहे. परवा तिच्याकडे एक ट्रकड्रायव्हर आला होता, त्याच्या चाकाखाली पोर आलेलं. तासभर तो हमसून हमसून बोलला. जाताना म्हणाला, "ताई, छातीवरचा दगड उतरला बघा."

त्या संध्याकाळी तिनं भुसावळला फोन लावला. नवनाथनं उचलला.

"जेवलीस?" त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. जेवली नव्हती. पुढं काय बोलावं ते तिला सुचेना. त्यानं फोन ठेवला.