उजव्या कुशीवरची गाठ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पोलीस ॲक्शनला तेव्हा अजून तीन-चार वर्षं होती. हैदराबादला सगळं शिक्षण उर्दूत, त्यामुळं माझं उर्दू अक्षर बरं झालं होतं. ते धाराशिवच्या एका निवृत्त तहसीलदारसाहेबांच्या कानावर गेलं. साहेबांना जुन्या चित्रांचा शौक होता आणि वयामुळं त्यांचा हात कापत असे. सुट्टीत गावी जाताना मी एक-दोन दिवस त्यांच्याकडं थांबायचो आणि चित्रांच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहून द्यायचो. मला चित्रांतलं फार कळत होतं असं नाही. पण पुस्तकांनी भरलेल्या खोलीत कुणीतरी मला बसायला सांगतं, याचंच मला अप्रूप होतं.

त्या सुट्टीत त्यांनी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून एक नवं चित्र घेतलं होतं.

"बरखुरदार, आधी हात धुऊन या," ते म्हणाले.

मी हात धुऊन आलो. त्यांनी रेशमी रुमाल सोडला. आत एक घोडा होता, पण तो नुसत्या प्राण्यांचाच बनलेला. मानेच्या जागी वळलेला मोर, पोटात एकमेकांना विळखा घालून बसलेले दोन वाघ, गुडघ्यांना मासे, कानाच्या जागी ससा. पाठीवर पंखांची परी. मागं गुलाबी डोंगर आणि हिरवं आकाश.

"हा मुलूख कुठला, साहेब?"

"परिस्तान. तिथं मोटार जात नाही," ते हसले. मग गंभीर झाले. "विजापूर दरबारचं काम आहे. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या नुमाइशीत, त्या मोठ्या प्रदर्शनात जाणार. मोठमोठे जाणकार येतील. चिठ्ठीवर लिहा, अस्सल, विजापूर दरबार, उस्तादाचं नाव माहीत नाही."

मी टाक बुडवला आणि तसाच धरून बसलो.

आम्ही नळदुर्गचे जीनगर. घोड्याचं खोगीर शिवणं हा आमचा धंदा, आणि त्याच्या जोडीनं देवळांच्या भिंती रंगवणं, लग्नाची चित्रं काढणं. खोगीर ज्या पट्ट्यानं पोटाखालून आवळतात त्याला तंग म्हणतात. तंगाची गाठ घोड्याच्या डाव्या अंगाला मारायची, कारण माणूस डावीकडून चढतो. हे आमच्या घरात बोलायला लागलेल्या पोराला कळतं. चित्रातल्या घोड्याचं तोंड उजवीकडं होतं, म्हणजे त्याची उजवी कूस आमच्यासमोर होती. आणि गाठ त्या उजव्या कुशीवर, वाघाच्या पाठीवर, ठळक काढलेली होती.

साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "पाहिलंत? त्या जमान्यात गाठ ह्या अंगाला मारत. आज कुणाला माहीत नाही. हीच तर जुनेपणाची निशाणी."

ती गाठ मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिली नव्हती. पाहिली होती ती माझ्या वडिलांच्या हातून उतरताना.

"चिठ्ठी परवा लिहिली तर चालेल का?" मी म्हणालो. "थोडं वाचून बघतो." माझा आवाज मलाच खोटा वाटला. पण साहेबांना माझा अभ्यासूपणा आवडला असावा.

दुसऱ्या दिवशी नळदुर्गला जाताना मोटारीत मी एकच विचार करत होतो. हैदराबादच्या जाणकारांनी हे नवं काम ओळखलं, तर विकणारा सापडणार नाही. सापडेल तो काढणारा. फौजदार दारात येईल आणि माझ्या वडिलांना बनावट माल करणारा म्हणेल. आणि त्या मालाला अस्सल म्हणणारं अक्षर माझं असेल.

वडील ओसरीत चामड्याला टाके घालत होते.

"आबा, परीचा घोडा कुणाला दिला होता का?"

"कुठला? परीचे लई झाले."

"सोलापूरकडच्या कुणाला?"

"व्हय, जुन्या वस्तू घेतो तो शेटजी. वरसाला दोन-तीन नेतो. का रं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "माझं काम साहेबानं इजापूरचं म्हणून घेतलं?"

"हो."

"म्हंजे हात बरा हाय म्हण माझा."

"आबा, हसू नका. ते तुम्हाला बनावट करणारा म्हणतील."

"बनावट?" आता ते चिडले. "म्या शेटजीला नक्कल म्हणूनच दिली. तहसिलीतनं नक्कल काढली तर तिला कुणी चोरीची म्हणतं का? कोर्टात चालती ती. नक्कल हाय म्हणून तिच्यावर शिक्का आसतो. माझा बी शिक्का हाय."

"कुठला शिक्का?"

"उलटी गाठ. माझ्या बापानं घालून दिलंय. दुसऱ्याचं चित्र उतरवायचं तर एक चूक जाणूनबुजून करायची. मग ती चोरी न्हाय. आपली चूक म्हंजे आपली सही." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला म्या सांगितलं न्हवतं व्हय?"

सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, घाईत त्यांचं चुकतं. आणि ते कधी दाखवून द्यायला मला लाज वाटायची.

त्यांनी कोनाड्यातली खाक्यांची गुंडाळी काढली. खाका म्हणजे चित्राच्या रेघांवर सुईनं टोचलेला कागद. तो नव्या कागदावर ठेवून कोळशाची पूड फिरवली की ठिपके खाली उतरतात. आमचे खाके आजोबांच्याही आधीचे. त्यांतला घोड्याचा खाका त्यांनी वेगळा काढला, धुतलेलं धोतर नेसले आणि म्हणाले, "चल, साहेबाला भेटू."

धाराशिवला जाताना मला भीती होती ती साहेब रागावतील याची. झालं भलतंच. साहेबांचा विश्वासच बसेना.

"मियाँ, तुम्ही खोगीर शिवता," ते वडिलांना म्हणाले. "हे दरबारी उस्तादाचं काम आहे."

म्हणजे आता मला, वडिलांवर आळ येऊ नये म्हणून निघालेल्या मला, हेच पटवून द्यायची वेळ आली की चित्र माझ्या वडिलांनीच काढलं आहे. मी काहीतरी अडखळत बोललो. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. वडील मात्र चित्रावर वाकले होते.

"ह्याला चहात कुणी बुडविलं?" त्यांनी विचारलं.

साहेबही चित्रावर वाकले.

"आन् ही भोकं. साहेब, कसर अशी एका वळीत खाती व्हय? तापल्या सुईची हायत. शेटजीनं लईच मेहनत घेतली."

मग त्यांनी खाका चित्रावर ठेवला. मोर मोरावर बसला, वाघ वाघांवर, परीचा पंख पंखावर. "आता गाठ बघा. खाक्यात न्हाय. चित्रात हाय. ती माझी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ त्यांनी खाक्यातल्या त्या कोऱ्या जागेवर बोट फिरवलं. ह्याच गाठीवर त्यांनी मला दोन दिवसांपूर्वी व्याख्यान दिलं होतं, ते मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असणार. मी खाली सतरंजीकडं पाहत राहिलो.

"अशी किती दिली त्याला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घोडे सात-आठ. हत्ती येगळे."

"हत्तीसुद्धा?" साहेबांचा चेहरा हळूहळू बदलला. "आमच्या वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात एक हत्ती आहे. पाच वर्षं ते मला त्या हत्तीवरून टोमणे मारतायत. त्यालाही गाठ आहे?"

"माझा आसला तर आसंल की."

साहेब उठले आणि काठी शोधू लागले. "चला, आत्ताच जाऊ."

वडील जागचे हलले नाहीत. "साहेब, एक इचारतो. तिथं मला चोर म्हणून उभं करणार का कसं? तसं आसंल तर म्या येत न्हाय."

साहेब काठी हातात घेऊन थांबले. "उस्ताद म्हणून नेतोय तुम्हाला," ते म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले नाहीत.

"मग पयली चिठ्ठी होऊ द्या. हे चित्र हैद्राबादला जाऊ दे न्हायतर हितं ऱ्हाऊ दे. पण कागदावर खरं लागंल."

साहेबांनी दौत माझ्याकडं सरकवली. मी लिहिलं, नक्कल. त्याखाली वडिलांचं नाव, मग जीनगर, राहणार नळदुर्ग. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. साहेब माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. 'जीनगर'मधल्या पहिल्या अक्षरावरचा नुक्ता, म्हणजे टिंब, माझ्याकडून राहिला होता; उर्दूत त्या टिंबाशिवाय ते अक्षर 'र' होतं, त्यामुळं ते 'रीनगर' झालं होतं. साहेबांनी टाक माझ्या हातातून घेतला आणि कापत्या हातानं तो नुक्ता स्वतः दिला.