दोरी खाली आली

देवीशी माझा अबोला होता. चौथ्या वर्षी ताप आला आणि माझे पाय गेले, उजव्या हाताचा जोरही गेला. आई दर चैत्रात मला कडेवर घेऊन डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला न्यायची आणि माझे पाय मागायची. मी तोंड फिरवून बसायची. एवढी घोडी झाले तरी कडेवरच, रागवायला हे कारण पुरेसं होतं.

बोंबलांच्या हंगामात आमचा सगळा पाडा किनाऱ्यावर असे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंना ताणलेल्या दोरीवर वाळत टाकायची. म्हाताऱ्यांचेही हात चालत. मी तेवढी खाटेवर, कावळे हाकायला. 'हिचं पुढं कसं व्हायचं?' असं आईला कोणी ना कोणी विचारायचंच.

एका सकाळी रानशेतकडची एक अनोळखी बाई मजुरीला आली. माझ्याकडे पाहून आईला म्हणाली, "पोरीला बसवून ठेवलीस का, बाय?"

"तिचा हात दोरीला पोचत नाय," आई म्हणाली.

"मंग दोरी खाली घे ना!"

तिने स्वतःच एक दोरी सोडून माझ्या खांद्याच्या उंचीवर बांधली आणि मला वाळूत बसवलं. माझे पहिले बोंबील धडाधड खाली पडले, कावळ्यांची चंगळ झाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. हंगाम संपेतो माझी बोटं जबडे धरू लागली, पुढे पेन्सिलही. ती बाई मात्र पुन्हा आली नाही. आईने रानशेतला चौकशी केली, तिला कोणी ओळखेना. आई म्हणाली, देवीच येऊन गेली. मी वाद घातला नाही.

कुबड्या घेऊन मुंबईला शिकायला गेले, तेव्हा कळलं की रोजच्या कामातूनच माणसाचा हात परत आणायची एक विद्या आहे. तिला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मी तीच घेतली.

परवा कामानिमित्त कासा गावातल्या एका शाळेत गेले, तेव्हा गुरुजी म्हणाले, "ही मुलगी उभी राहत नाही, फळ्यापर्यंत पोचणार कशी? घरीच बरी."

"मग फळा खाली घ्या ना!" माझ्या तोंडून त्या बाईचेच शब्द निघाले. फळा खाली आला. मुलीने बसूनच आपलं नाव लिहिलं.

यंदा आईला मीच जत्रेला नेलं. सवयीने ती माझे पाय मागू लागली. मी तिचे जोडलेले हात धरले.

"राहू दे, आई. तिने केव्हाच दिलंय."