काच चांगली होती

आमचे काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. हनुवटीवर भाजल्याचा डाग, आणि त्या डागाची गोष्ट सांगायची इतकी हौस की पाहुणे चहा अर्धा टाकून उठत. एकोणीस वर्षांपूर्वी स्टोअरकीपरने म्हणे तडा गेलेला फ्लास्क दिला आणि तो गॅसवर फुटला. काकांनी तसा लेखी अहवाल दिला, स्टोअरकीपरची बढती गेली. हा स्टोअरकीपर, ज्याला सगळे 'कुलूप' म्हणत, काकांचा शाळेपासूनचा मित्र. तेव्हापासून दोघांत अवाक्षर नाही. सामान हवं असलं तरी चिठ्ठी पाठवायची.

परवा भौतिकशास्त्राच्या बाईंचं व्याख्यान होतं. गर्दी दिसावी म्हणून काकांनी मलाही कोंबलं होतं. बाई म्हणाल्या, "विश्वातली रिकामी जागा, म्हणजे निर्वात पोकळी, कदाचित पक्की नाही, नुसती टिकून आहे. ढासळली तर सगळं विश्व संपेल. आपणहून ढासळायला अब्जावधी वर्षंही कमी पडतील. पण एखादं इवलंसं कृष्णविवर असेल, तर त्याच्याभोवती ती लवकर ढासळू शकते, असं काहींचं गणित सांगतं."

सभागृह ढिम्म. काका मात्र मागून ओरडले, "बाई, हे कपचीसारखं झालं! स्वच्छ फ्लास्कमध्ये पाणी उकळायच्या पलीकडे तापतं, तरी गप्प बसतं. म्हणून चिनी मातीची कपची गार असतानाच टाकायची, म्हणजे बुडबुडे हळूहळू सुटतात. विसरलात आणि मग टाकलीत, की फ्लास्कसकट सगळं तोंडावर!"

"अगदी बरोबर," बाई खूश. "फक्त इथे तोंड पुसायला कोणी उरणार नाही. 'चुकलो' म्हणायलाही वेळ मिळणार नाही."

काकांचा चेहरा पडला. मला वाटलं, विश्व बुडायचं भय. कसलं काय! गडी स्वतःच्याच उदाहरणात सापडला होता.

कुलूप त्याच दिवशी निवृत्त होत होता. काका तडक स्टोअरच्या खिडकीशी गेले, मी मागोमाग. हातात चिठ्ठी नव्हती.

"काच चांगली होती," काका म्हणाले. "कपची मी विसरलो, आणि तापल्यावर टाकली."

कुलूप किल्ल्यांना लेबलं लावत होता. "माहीत आहे. काचा मीच झाडल्या. कपच्यांची बाटली गॅसशेजारी उघडीच होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. पहिली काही वर्षं रोज वाटायचं, आज येईल."

काका ओक्साबोक्शी रडले. मला त्यांची दया आली नाही, संतापच आला.

कुलपाने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "अहवाल लेखी होता ना? मग हेही लिही. पाचपर्यंत आहे मी."

काकांनी खिसे चाचपले. पेन त्यालाच मागावं लागलं.