मशीनच्या नावाचा कूलर

नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तू कॉम्प्युटरची मिस्त्री झालीस का?" झाशीत पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात कोणी पूजा सांगितली, कोणी कारकुनी केली. स्क्रू पिळायचं पेचकस हातात धरलेलं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "सपोर्ट टेक्निशियन." ते म्हणाले, "तेच ते."

त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. आमच्या दुकानाकडे आसपासच्या ऑफिसांच्या आणि कारखान्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल होती. कुठं काही बिघडलं की भर उन्हात स्कूटीवरून मला पिटाळलं जाई. मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे मालक उन्हाळा संपल्यावर ठरवणार होते. आणि ते सगळं येऊन अडकलं बिजौलीतल्या एका कारखान्याच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरपाशी.

ते मशीन चालता चालता मरायचं. मी जायची, टेबलाखाली उकिडवी बसून कॉम्प्युटरच्या डब्यात हात घालायची, मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायची आणि परत बसवायची. मशीन जिवंत. तिथले हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, ते म्हणायचे, "जियो बिटिया." आठवडा सरायच्या आत पुन्हा फोन. एवढं शिकून माझं मुख्य हत्यार खोडरबर आहे, हे मी घरी कळू दिलं नाही. मालकांनी मात्र स्पष्ट बजावलं, "बिजौली से अब एक भी शिकायत आई, तो ठेका भी जाएगा और आप भी."

त्या खोलीत बसणं ही शिक्षाच होती. झाशीचा मे महिना, खोलीत कूलर एकच, आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. माणसं कोपऱ्यात घाम पुसत बसलेली, आणि मशीन एका बाजूचं झाकण उघडं टाकून गार वारा खात असलेलं. मला साधी खुर्चीसुद्धा कोणी देत नसे. मशीनचा थाट मात्र जावयाचा.

एकदा पट्टी घासताना बोटांना पांढरी भुकटी लागली. ती मी लगेच ओळखली. आमच्या घरच्या कूलरच्या जाळ्यांवर हीच साचते, कारण इथलं पाणीच तसं जड. म्हणजे कूलरचे तुषार थेट मशीनच्या पोटात जात होते, आणि मी बिचारी महिनाभर खोडरबर झिजवत होते.

डोकं असं तापलं की बडे बाबूंचं वय विसरून मी त्यांना झापलं. "बाबूजी, इसी कूलर ने मशीन खाई है. हटाइए इसे."

बडे बाबूंनी दार लोटलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "बिटिया, जौ कूलर मशीन के नाँव पै मिलो है. हमाए नाँव पै तो पंखा लौ नईं मिलो."

मग सगळा उलगडा झाला. माणसांना उकडतंय म्हणून साध्या पंख्यासाठी अर्ज केले तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मशीन तापतंय म्हटल्याबरोबर कूलर हजर. तो माणसांकडे वळलेला दिसला तर उचलून नेतील, म्हणून त्याचं तोंड मशीनकडे. भिंतीवर आपटून परत येईल तेवढाच वारा यांच्या वाट्याचा. आता खरं सांगितलं तर यांचा कूलर जाणार, गप्प बसले तर माझी नोकरी. मला त्यांचा राग आला आणि तितकंच वाईटही वाटलं.

तेवढ्यात कारखान्याचे मोठे साहेब आत आले. ते महाराष्ट्रातून आलेले इंजिनिअर. मी मराठी आहे हे कळल्यापासून माझ्याशी मराठीतच बोलत आणि माझ्या हिंदीमिश्रित मराठीला हसत. "काय भानगड आहे? सारखं बंद कसं पडतं हे? खरं सांगा."

खोलीत आम्हा दोघांशिवाय कोणालाच मराठी येत नव्हतं. "साहेब, तो कूलर..." मी सुरुवात केली, आणि तेवढा एक शब्द सगळ्यांना समजला. बडे बाबूंचा चष्मा नाकावरून घसरला. टायपिंगच्या दीदींनी हात जोडायचेच बाकी ठेवले.

"कूलर पाहिजेच साहेब," मी म्हटलं. "त्याच्याशिवाय हे मशीन एक दिवस नाही चालणार. पण त्याला ओला वारा सोसत नाही. वारा लांबून, वाळून आला पाहिजे."

"वाळून म्हणजे?"

"म्हणजे आधी माणसांवरून, मग मशीनकडे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, मग बडे बाबूंच्या घामानं चिकटलेल्या सदऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"हे कुठं शिकलात?"

"अनुभवानं."

"आणि पुन्हा बंद पडलं तर?"

"तर मला काढा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खोलीकडे वळून हिंदीत म्हणाले, "मशीन उस दीवार के पास, कूलर यहीं. आप सब बीच में बैठेंगे. हवा आप लोगों पर से सूखकर मशीन तक जानी चाहिए. मशीन का सवाल है."

मी झाकण लावलं आणि सगळे स्क्रू करकचून आवळले.

उन्हाळा संपला, मशीन पुन्हा मेलं नाही. मालकांनी कुरकुरत मला पक्कं केलं. बाबा म्हणाले, "मग आता घरचा कूलरही बघून टाक."

पुढच्या मे महिन्यात नुसत्या तपासणीला बिजौलीला गेले. सवयीनं टेबलाखाली शिरणार, तोच बडे बाबूंनी एक खुर्ची ओढून बरोबर कूलरसमोर मांडली. मी म्हटलं, "मैं तो मशीन के लिए आई हूँ, बाबूजी."

"तौ बैठौ," ते म्हणाले. "मशीन के लाने हवा सुखानें है."