डोंगराचा ताप बघणाऱ्या बाई

आमच्या शेजारच्या भूगोलाच्या बाई पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी भिंतीवरचा थर्मामीटर बघून घ्यायच्या. आळीतली पोरं त्यांना ‘थर्मामीटरबाई’ म्हणायची, आणि खरं सांगू, बाईंना ते आवडायचं. पनवेलची गोष्ट ही, नव्वद सालच्या आगेमागे.

दर रविवारी पहिल्या एसटीनं ठाकूरवाडी, तिथून साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून प्रबळगड. माथ्यावर त्यांनी सुताराकडून करून घेतलेली पांढरी पेटी होती, आत कमाल-किमान तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर. आठवड्यातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान वहीत लिहायचं. शेजारी, सोनकी कधी फुलली तेही.

मी एकदा थट्टेनं म्हटलं, “बाई, डोंगराला ताप आलाय का?”

“तेच बघतेय. खाली तापलं की झाडंझुडं हळूहळू वर सरकतात म्हणे. पण माथ्यावरच्या सोनकीनं कुठं जावं? तिला वर डोंगरच नाही गं.”

त्या रविवारपासून त्यांचा डबा मी करायला लागले.

एका चैत्रात बाईंना कावीळ झाली. वर्षानुवर्षं न चुकलेला रविवार बुडणार म्हणून डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “मी जाते की!”

निघाले ऐटीत. अर्ध्या वाटेवरच्या माचीवर पोचले आणि जीव गळाला. तिथली जनाबाई ठाकरीण म्हणाली, “च्या घे बाय. डोंगर काय पलत नाय.” चहा झाला, भाकरी झाली, तिच्या सुनेची गाऱ्हाणी झाली. तोवर ऊन रणरणायला लागलं. मी तशीच खाली उतरले आणि बाईंना ठोकून दिलं, “जास्त छत्तीस, कमी बावीस.”

बाईंनी पेन उघडलं. “पेटीचं दार नीट उघडलं ना?”

“अगदी अलगद!”

“नवल आहे. मागच्या रविवारी कडी गंजून बसली होती. दगडानं ठोकावं लागलं मला.”

झालं! सगळं सांगून टाकलं, चहासकट, सुनेसकट. वाटलं, आता ही बाई मला दारात उभी करत नाही. तर त्या इतक्या हसल्या की उशी खाली पडली. मग वहीत लिहिलं, ‘वाचन नाही. मैत्रीण दमली.’

म्हणाल्या, “रिकामा रविवार चालतो गं. पण खोट्या आकड्यावर पुढचं माणूस विश्वास ठेवतं, आणि मग सगळा डोंगरच खोटा होतो.”

निवृत्त झाल्यावर बाई नाशिकला भावाकडे गेल्या. जाताना पेटी माझ्यावर सोपवली. गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत मी चढत राहिले. माझी वही उघडाल तर जागोजाग ‘नातीचं बारसं’, ‘पाय दुखला’, ‘कंटाळा आला’ असं लिहिलेलं दिसेल. पण जिथं आकडा आहे ना, तिथं मी स्वतः उभी होते.